दगडाचा भाव

आमच्या मंडळाला नाव नाही. नाव ठेवण्यासाठी तीन बैठका झाल्या. पहिलीत 'पाषाण' या शब्दावर जवळजवळ एकमत झाले होते, पण त्या नावाचे उपनगर पुण्यात आधीच आहे आणि आमच्यापैकी एकही सभासद तिथे राहत नाही, अशी हरकत निघाली. दुसऱ्या बैठकीत एका सभासदांनी 'रत्न' हा शब्द सुचवला. सरांनी त्यांना "तुमच्याकडे एक तरी आहे का?" एवढेच विचारले. तिसऱ्या बैठकीत चहा गार का आला याच विषयावर चर्चा झाली. तेव्हापासून आमच्या पावतीपुस्तकावर नुसते 'मंडळ' असे छापलेले आहे आणि आजूबाजूचे लोक आम्हाला 'ते दगडवाले' म्हणतात.

दगड आणि स्फटिक गोळा करणाऱ्या हौशी लोकांचे हे मंडळ. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सरांच्या घरी आम्ही जमतो. सर म्हणजे भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांच्याखेरीज एक दंतवैद्य बाई आहेत, एक वकीलसाहेब आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आमचे खजिनदार आहेत, कॉलेजातली दोन-तीन मुले आहेत (ती परीक्षा जवळ आली की नाहीशी होतात), आणि मी आहे. माझा भूशास्त्राशी संबंध एवढाच, की शाळेत गणिताच्या मास्तरांनी माझे वर्गीकरण याच खात्यात केले होते. पुढे डॉक्टरांनी रोज टेकडी चढायला सांगितली. टेकडी चढणारा पन्नाशीचा माणूस आकाशाकडे बघत चढत नाही, पायांखाली बघत चढतो. तिथे मला पहिली गारगोटी दिसली. ती मी खिशात घातली. पुढच्या चार महिन्यांत माझे वजन दोन किलोंनी कमी झाले आणि आमच्या घराचे चाळीस किलोंनी वाढले.

पुष्कळांना वाटते की आपल्याकडे दगड म्हणजे एकच, काळा. पायरीला, पाट्याला, देवाला आणि भांडणाला आपण तोच वापरतो. मलाही तसेच वाटे. पण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, थरावर थर. आजही त्या थरांनी पाच लाख चौरस किलोमीटरांच्या आसपास मुलूख व्यापलेला आहे. तो लाव्हा निवताना आतल्या वायूंचे बुडबुडे अडकून राहिले. ढोकळ्यात जाळी पडते ना, तसेच. फक्त हा ढोकळा फोडायला सुरुंग लागतो. पुढे त्या पोकळ्यांतून ऊन पाणी झिरपत राहिले आणि त्यात विरघळलेली द्रव्ये सावकाश, कोणालाही न विचारता, स्फटिक होऊन बसली. पेंढी मधोमध बांधावी तसा दिसणारा स्टिल्बाइट, पाण्याचा तुकडा कापून ठेवावा तसा अ‍ॅपोफिलाइट, सुयांच्या पुडक्यासारखा स्कोलेसाइट. यांतल्या बऱ्याच जणांचे घराणे झिओलाइट. १७५६ साली क्रोन्स्टेट नावाच्या स्वीडिश गृहस्थाने असा एक दगड तापवला तेव्हा त्यातले पाणी उकळून तो फसफसला, म्हणून त्याने ग्रीक भाषेत त्याला 'उकळणारा दगड' हे नाव दिले. दगडालाही कढ येतो, हे मला कळले तेव्हा मास्तरांवरचा माझा जुना राग बराचसा निवला.

बोरघाटातून रेल्वे नेताना, म्हणजे १८५६ ते १८६३ या काळात, डोंगर फोडता फोडता हे स्फटिक हाती लागले आणि थेट विलायतेच्या संग्रहालयांपर्यंत पोचले. आज पुणे, नाशिक, जळगाव या भागांतल्या खाणींतले नमुने जगभरच्या कपाटांत आहेत. सिन्नरला तर २००१ साली 'गारगोटी' नावाचे खास खनिजांचे संग्रहालयच उघडले. मात्र ज्या खाणीतून हे निघते, तिच्या मालकाला यातले काही नको असते. त्याला हवी खडी. पोकळी लागली म्हणजे त्याच्या दृष्टीने दगड भुसभुशीत निघाला. सगळे क्रशरमध्ये जाते आणि ब्रासच्या भावाने विकले जाते. तुमच्या डोक्यावरच्या स्लॅबमध्ये काय काय गाडले गेले आहे याचा विचार दगडवाल्याने रात्री झोपताना करू नये. मी एकदा केला होता.

मंडळात नवा दगड आला की सर त्याची पत्रिका मांडतात. आधी नखाने ओरखडा काढून बघायचा, मग तांब्याच्या नाण्याने, मग सुरीने. आणि दगडच काचेवर ओरखडा काढू लागला तर तो बहुधा गारगोटीच्या कुळातला. मोह्‌स नावाच्या जर्मन माणसाने १८१२ साली ही काठिण्याची दहा पायऱ्यांची शिडी लावून ठेवली आहे. तळाला शंखजिरे आणि वर हिरा. मग सौम्य आम्लाचा एक थेंब. कॅल्साइट असेल तर लगेच फसफसतो, बाकीचे बहुतेक ढिम्म बसतात. दंतवैद्य बाई आपल्या दवाखान्यातल्या जुन्या हत्यारांनी स्फटिकांच्या फटींतली माती असे काही हळुवारपणे काढतात, की ते बघून मला नेहमी वाटते, माझ्या दाढेच्या वेळी हा हळुवारपणा कुठे गेला होता?

घरी मात्र या शास्त्राला आश्रय नाही. सुरी चाचणीसाठी नेली की तिची धार जाते आणि माझी झोप. एकदा धूळ पुसताना हिच्या हातून माझा एक कॅल्साइट पडला आणि त्याचे चारपाच तिरके, गुळगुळीत तुकडे झाले. मी तोंड उघडणार तेवढ्यात मला पॅरिसच्या आबे आयुईची गोष्ट आठवली. त्याच्या हातूनही एका मित्राच्या संग्रहातला कॅल्साइट असाच पडला म्हणतात, आणि प्रत्येक तुकड्याचा आकार एकसारखाच कसा, हा विचार करता करता त्याने स्फटिकशास्त्राचा पाया घातला. मी ही गोष्ट हिला सांगितली. "म्हणजे मी पाडलं ते चांगलंच झालं की," ही म्हणाली आणि तुकडे सुपलीत भरले.

एका बाबतीत मात्र सर फार कडक आहेत. ती बाब म्हणजे चिठ्ठी. प्रत्येक दगडाबरोबर चिठ्ठी हवी: नाव, ठिकाण, तारीख, कोणाकडून मिळाला, कसा मिळाला. "चिठ्ठी हरवली की दगड अनाथ झाला," असे ते म्हणतात. आमच्या एका सभासदांनी तीस वर्षे दगड जमवले, पण चिठ्ठ्या सगळ्या डोक्यात ठेवल्या. ते गेल्यावर त्यांच्या मुलांनी ते दगड तुळशीवृंदावनाभोवती नीट रचून लावले. मुले गुणी आहेत. त्यात एक अप्रतिम हिरवा अ‍ॅपोफिलाइट आहे आणि त्याच्यावर रोज सकाळी पाणी पडते. आम्ही वर्षातून एकदा तीर्थप्रसादाला जातो तेव्हा तिकडे बघायचे टाळतो.

हे सगळे एवढ्यासाठी सांगितले, की २०१२ साली मी जे केले त्याची चिठ्ठी मला अजून नीट लिहिता आलेली नाही.

दिवाळीनंतरचा रविवार होता. रीतसर परवानगी काढून, डोक्यावर शिरस्त्राणे घालून, मंडळ वाघोलीजवळच्या एका खाणीवर गेले होते. खाणीत खालपर्यंत जायची परवानगी नव्हतीच. आम्ही वर पडलेल्या ढिगांत उकरत होतो. तासाभराने सगळे पांगले आणि मी एका लिंबाच्या सावलीला बसलो. तिथे एक म्हातारा खाणकामगार भाकरी खाऊन पाणी पीत होता. त्याने माझ्याकडे बघितले, माझ्या हातोडीकडे बघितले (ती खिळे ठोकायची होती), आणि शेजारच्या फडक्यात गुंडाळलेली वस्तू पुढे केली.

"ह्यो बगा सायेब. फुलावानी हाय."

फडके उघडले. मळकट पांढऱ्या स्टिल्बाइटच्या गादीवर तीन निळी फुले बसली होती. निळी म्हणजे साधी निळी नव्हेत. नवी शाई दौतीच्या काठाला लागते तशी निळी. मला घाम फुटला. सरांच्या कपाटात असले एकच फूल होते, हरभऱ्याएवढे, आणि ते बघायला आम्हाला हात धुऊन जावे लागे. कॅव्हन्साइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या नावांचे तुकडे जोडून त्याचे बारसे झाले आहे. १९६७ साली ते अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात पहिल्यांदा सापडले. पण त्याचे सगळ्यांत देखणे नमुने जगात कुठून येतात म्हणाल, तर आपल्या वाघोलीहून. माझ्या हातात होते त्यातले मधले फूल आवळ्याएवढे होते.

"बरा आहे," मी म्हणालो. "काय घ्याल?"

"काय द्याचं त्ये द्या. शंभर द्या."

"ऐंशी," मी म्हणालो.

माझ्या खिशात तेव्हा बाराशे रुपये होते. म्हाताऱ्याने मान हलवली, मी ऐंशी रुपये दिले, आणि तो दगड मांडीवर घेऊन बसमधून असा घरी आलो, की एका बाईंनी मला "किती महिन्यांचं आहे?" असे विचारायचेच बाकी ठेवले होते.

पुढच्या बैठकीत मी दगड टेबलावर ठेवला. सर दोन मिनिटे बोललेच नाहीत. मग त्यांनी भिंग मागितले. सर किमतीची भाषा कधी करत नाहीत, पण खजिनदारांच्या ओळखीचा एक व्यापारी आहे, त्यांनी गच्चीत जाऊन फोन केला आणि येऊन सांगितले, "बारा हजार. आत्ता, रोख." मंडळात एकदम शांतता पसरली. ती आनंदाची आहे की मत्सराची हे मी ठरवत होतो, तेवढ्यात दंतवैद्य बाई म्हणाल्या,

"आणि त्या आजोबांना किती दिलेत?"

मी आकडा सांगितला. घासाघिशीचे सांगितले नाही. त्याचे काही कारण नव्हते.

मग जी चर्चा झाली ती आमच्या मंडळाच्या इतिहासात गार चहाच्या खालोखाल लांबलेली चर्चा. खजिनदारांचे म्हणणे सरळ होते: त्याने किंमत सांगितली, यांनी दिली, व्यवहार पुरा झाला. भिंग घ्यायला, पुस्तके घ्यायला, दहा वर्षे उन्हात फिरायला यांचा खर्च झाला आहे. त्या ज्ञानाची काही फी धराल की नाही? आणि यांनी घेतला नसता तर तो दगड क्रशरमध्येच गेला असता. या शेवटच्या वाक्याला मी जरा जोरात मान हलवली.

"माणसाच्या तोंडात काय आहे ते त्याला दिसत नाही, मला दिसतं," दंतवैद्य बाई म्हणाल्या. "ते शिकायला माझाही खर्च झालाय. म्हणून मी त्याला काहीही सांगू का? किंवा काहीच न सांगू?"

वकीलसाहेबांनी प्रश्नच मुळात चुकीचा आहे असे सांगितले, आणि फी न घेता सांगितले, म्हणजे त्यांना तो फार आवडला असावा. त्यांचे म्हणणे, दगड त्या म्हाताऱ्याचा होता कुठे? १९६६च्या जमीन महसूल कायद्याप्रमाणे महाराष्ट्रातली खनिजे सरकारची. खाण चालवणारा सरकारला स्वामित्वधन भरतो ते 'गौण खनिजा'चे, म्हणजे खडीचे. म्हातारा नुसता मजूर. तेव्हा त्याने जो विकला तो त्याचा नव्हताच. आणि चोरीचा माल स्वस्तात घेतला म्हणून चोराचा अपराधी कोण होतो? (पुढे २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका खटल्यात सांगितले, की विरुद्ध कायदा नसेल तर जमिनीखालचेही सर्वसाधारणपणे जमीनमालकाचेच. वकीलसाहेबांनी ती बातमी मला मुद्दाम फोन करून कळवली. म्हणजे हक्कदारांत आणखी एकाची भर.) मी हिशेब केला. सरकार, जमीनमालक, खाणवाला, ज्याच्या पहारीला तो लागला तो म्हातारा. या सगळ्या यादीत ज्याचा हक्क सगळ्यांत कमी तो म्हणजे मी. आणि दगड माझ्याच पिशवीत.

"हा वाद जुना आहे," सर म्हणाले. ते फार वेळ गप्प होते. दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या सिसेरोने हाच पेच घातला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडलेला. अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्याचे गलबत घेऊन पोचतो. मागून आणखी गलबते येत आहेत हे त्याने वाटेत बघितलेले असते. लोकांना ते सांगितले तर भाव पडणार. सांगावे की नाही? एक पंडित म्हणाला, माल चांगला आहे, खोटे बोलत नाही, मग सगळे सांगितलेच पाहिजे असे कुठे आहे? त्याच्याच शिष्याने उलटे मत दिले. सिसेरोने शिष्याच्या बाजूने कौल दिला.

"पण तो विकत होता," खजिनदार म्हणाले. "हे घेत होते."

"आपल्याकडचं घ्या," सर म्हणाले. शांतिपर्वातला जाजली. तप करता करता इतका निश्चल झाला की पाखरांनी त्याच्या जटांत घरटे केले; आणि आपल्याइतका धर्म कोणी जाणत नाही असे त्याला वाटू लागले. तेव्हा त्याला धर्म शिकायला पाठवले कुणाकडे? काशीच्या तुलाधाराकडे, एका दुकानदाराकडे. कारण त्याचा तराजू सगळ्यांना सारखा.

ही गोष्ट ऐकून सगळे गंभीर झाले. मी मात्र मनात तुलाधाराशी भांडत होतो. बाबा रे, तराजू सारखा ठेवणे सोपे आहे. वजन दोघांनाही दिसते. इथे एका पारड्यात माझी दहा वर्षांची पुस्तके होती आणि दुसऱ्यात त्याची भाकरी, आणि तराजू माझ्याच डोक्यात होता, तोही त्याला न दिसणारा. अशा तराजूचे तू काय केले असतेस?

घरी येऊन हा सगळा वाद मी हिला साग्रसंगीत सांगितला, सिसेरोपासून सर्वांची बाजू मांडून. हिने गवार मोडता मोडता ऐकून घेतले. ही बाई एकदा वाण्याने पन्नास रुपये जास्त परत दिले म्हणून भर दुपारी पुन्हा दुकानापर्यंत चालत गेली होती, आणि आल्यावर तिने त्या विषयावर एक वाक्यही बोलले नव्हते. ती एवढेच म्हणाली, "वाघोलीला बस जाते ना?"

बसला जाण्यापूर्वी किती द्यायचे हे ठरवणे आले. खजिनदारांनी कागदावर मांडून दिले: बारा हजारांतून प्रवासखर्च वजा, ज्ञानाची फी वजा, दगड विकलेलाच नाही म्हणून पुन्हा काही वजा. त्या हिशेबाने म्हाताऱ्याकडून मलाच काही येणे निघत होते. मी कागद फाडला आणि निम्मे ठरवले. सहा हजार. पाचशेच्या बारा नोटा पाकिटात घालून मनपाहून बसमध्ये चढलो.

सद्बुद्धी आणि बस यांचे जमत नाही. पूल ओलांडेपर्यंत मला वाटू लागले की एकदम सहा हजार दिले तर म्हाताऱ्याला धक्का बसेल. पाच पुरेत. मग येरवड्याचा थांबा आला. तिथल्या तुरुंगाची आठवण होऊन पुन्हा सहा झाले. विमाननगरला त्या चकचकीत इमारती बघून साडेपाच. खराडीला मनात आले, पैसे बघून बाकीचे मजूर त्याच्या मागे लागतील, म्हणजे त्याच्याच हिताच्या दृष्टीने... वाघोलीला उतरलो तेव्हा पाकिटात आठ नोटा होत्या आणि सदऱ्याच्या खिशात चार. उरलेल्या पुढच्या खेपेस देऊ, असे मी मनाशी पक्के केले. मोठी रक्कम हप्त्याने देणे दोघांनाही बरे असते.

म्हातारा त्याच लिंबाखाली घणाला नवा दांडा बसवत होता. त्याने मला ओळखले. मी म्हणालो, "बाबा, तो दगड चांगला निघाला. किंमत जास्त होती त्याची. हे घ्या." त्याने हात धोतराला पुसले, पाकीट घेतले, बोटाला थुंकी लावून नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवल्या. त्याला ना धक्का बसला, ना त्याने आशीर्वाद दिला. माझे थोडे चुकलेच म्हणायचे. सबंध वाटेत मी आशीर्वाद स्वीकारताना चेहरा कसा ठेवायचा याची तयारी केली होती. त्याने शेजारच्या टपरीवरून चहा मागवला. चहाचे पैसे त्याने दिले, मला देऊ दिले नाहीत. आम्ही चहा प्यालो. निघताना मी, तुम्हाला खोटे का सांगू, "पुन्हा असं काही सापडलं तर बाजूला ठेवा" असेही म्हणून घेतले.

"ठेवतो की," तो म्हणाला. मग दांडा हातात फिरवत, अगदी सहज, हवापाण्याचे विचारावे तसे त्याने विचारले,

"पर सायेब, तवा ईस रुपयं कशापायी कमी केलं वो?"

तीन आठवडे चाललेल्या त्या वादात हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. कसा विचारणार? मी सांगितलेच नव्हते. मी गप्प राहिलो याचा बचाव खजिनदारांपासून त्या पंडितापर्यंत पुष्कळांनी केला होता. पण मी गप्प कुठे राहिलो होतो? मी 'ऐंशी' म्हणालो होतो. वीस रुपये वाचवायला नव्हे. लगेच शंभर काढून दिले तर म्हाताऱ्याला संशय येईल, वस्तूत काहीतरी आहे हे त्याच्या ध्यानात येईल, म्हणून. ती घासाघीस म्हणजे माझ्या तोंडून निघालेले एक सबंध वाक्य होते: या दगडात काही नाही.

"सवय," मी म्हणालो. "सवय असते हो."

"हां," म्हातारा म्हणाला. "सवं."

आणि त्याने दांडा ठोकून घट्ट केला.

खिशातल्या त्या चार नोटा घरी आल्यावर मी कपाटात, दगडाच्या मागेच ठेवल्या. पुढच्या खेपेसाठी. पुढची खेप त्या हिवाळ्यात होणार होती, मग उन्हाळ्यात नको म्हणून पावसाळ्यानंतर, मग गुडघा. २०१६ सालच्या नोव्हेंबरात एका रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्याचे टीव्हीवर ऐकले आणि मी पहिला उठून त्या कपाटाकडे गेलो. दोन हजार रुपये चार वर्षे तिथे बसून होते. ते बँकेत भरायला मी सव्वातीन तास रांगेत उभा होतो आणि त्या सव्वातीन तासांत खजिनदारांचा किंवा सिसेरोचा मला काहीही उपयोग झाला नाही. पुढच्याच रविवारी नव्या नोटा घेऊन वाघोलीला गेलो. खाण बंद पडली होती. खड्ड्यात हिरवे पाणी साठले होते आणि काठावर दोन मुले गळ टाकून बसली होती. लिंब होता, टपरी नव्हती. कामगार कुठल्या खाणीवर गेले हे कोणाला सांगता येईना. मला म्हाताऱ्याचे नावही ठाऊक नव्हते. ते मी विचारलेच नव्हते. चिठ्ठीवर 'कोणाकडून' या रकान्यात तेव्हाही जागा मोकळी होती आणि आजही आहे.

आमचे प्रदर्शन दरवर्षी जानेवारीत एका शाळेच्या सभागृहात भरते. हौशीने लोक येतात. कोणी विचारते, "हा शनीला चालेल का?" कोणी स्फटिकावर हात ठेवून डोळे मिटून उभे राहतात आणि त्यातून काहीतरी येत असल्याचे सांगतात, सर त्यांना थंडी आहे असे सांगतात. माझ्या निळ्या फुलांपुढे मात्र गर्दी असते. यंदा एक गृहस्थ बराच वेळ वाकून बघत होते. मग सरळ होऊन त्यांनी तो प्रश्न विचारला, जो पुण्यात कुठल्याही सुंदर वस्तूपुढे शेवटी विचारला जातोच.

"केवढ्याला पडला हो?"

शेजारच्या टेबलाशी दंतवैद्य बाई उभ्या होत्या. हीसुद्धा डबा घेऊन आली होती.

"चार हजार ऐंशी," मी म्हणालो.

"चार हजार समजू शकतो," गृहस्थ म्हणाले. "हे वरचे ऐंशी कसले?"

मी त्यांना पलीकडचा स्टिल्बाइट दाखवायला घेऊन गेलो.